घरातील शोभेची कमान कशी काढावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील घरांत सोपा (पुढची बैठकीची जागा) आणि जेवणघर यांच्यामध्ये हौसेने बांधलेली कमान नूतनीकरणाच्या वेळी हमखास नकोशी होते. सामान हलवणे, ताडपत्री बांधणे आणि मेन स्विच बंद करणे प्रत्येक जण करतोच. कमानीतील दिव्याची वायर तेवढी विसरू नये.

खरा प्रश्न एकच आहे, तो म्हणजे ती कमान नुसती शोभेची आहे का? 'हातोडीने वाजवून पाहा, पोकळ आवाज आला की खुशाल तोडा,' हा सल्ला मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो साफ चुकीचा आहे, कारण भिंतीपासून सुटलेला गिलावाही तसाच पोकळ वाजतो. खानापूरकडील एका जुन्या घरात मी त्या आवाजावर विसंबलो. गिलाव्याचा पापुद्रा खाली आला, मागे पाचरीसारखे घडवलेले जांभ्याचे चिरे दिसले आणि माथ्यावरील चिऱ्याच्या सांध्यातून लाल माती बारीक धारेने गळू लागली. छिन्नी तिथेच टाकून आम्ही लाकडी टेकू लावले. ते पुढे महिनाभर तसेच उभे होते.

म्हणून आधी माथ्याच्या वरचा गिलावा फूटभर उंचीपर्यंत, भिंतीच्या दोन्ही अंगांनी सोलावा. सरळ लिंटेल (वरचा भार पेलणारी आडवी तुळई) दिसले तरी घाई करू नये. त्याची दोन्ही टोके भिंतीत किमान 15 सेंटिमीटर टेकली आहेत, हेही उघडून पाहावे. लिंटेल नसेल आणि विटा किंवा चिरे पंख्याच्या पात्यांसारखे रचलेले असतील, तर वरचा भार त्या कमानीवरच आहे असे धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे, आणि गवंडी कितीही 'काही होत नाही हो' म्हणाला तरी तोपर्यंत कामाला हात लावू देऊ नये.

कमान खोटी ठरली की पुढचे काम हलके आहे. ग्राइंडरने कडेकडेने गिलाव्याइतकी खोल चीर पाडावी, नाहीतर शेजारचा गिलावाही ओढला जातो. मग मधून बाजूंकडे लहान लहान तुकडे काढावेत. उघड्या भागावर पाणी मारून सिमेंटचा घोळ लावावा, जुन्या-नव्या सांध्यावर कोंबडजाळी ठोकावी, दोन थरांत गिलावा करावा आणि 7 दिवस पाणी मारावे. हे काम पावसाळ्यात मात्र काढू नये. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंत धड वाळत नाही आणि ओल्या गिलाव्यावर पुट्टी ओढली, तर दिवाळीच्या आत तिचे पोपडे सुटतात.