मुलांचे हॉर्मोन आणि सेन्सर, दोन्हीत रिसर्च करताय? पब्लिकेशन रेकॉर्डमधल्या या चुका टाळा

आठवडाभर परळला मुलांच्या एंडोक्राइन म्हणजे हॉर्मोनच्या ओपीडीत आणि शनिवारी पवईला इंजिनिअर मंडळींबरोबर ग्लुकोज नाहीतर कॉर्टिसोल या ताणाच्या हॉर्मोनच्या सेन्सरवर काम, असे डॉक्टर आता मला नेहमी भेटतात, आणि उलट्या बाजूने लॅबमधून हॉस्पिटलात येणारे पीएचडीवालेही. मी अशा लोकांच्या पब्लिकेशनच्या याद्या लावून द्यायला मदत करते. काम चांगलं असतं हो, खरंच चांगलं असतं, पण यादी उघडली की समजत नाही काय कुठे छापलंय, कुठला पेपर कुणाचा, कुठला मुलांवर झालाय आणि कुठला नुसता बीकरमध्ये. आणि ही यादी वाचणारे दोन वेगळे लोक असतात, डॉक्टर पबमेड या मेडिकल पेपरांच्या साइटवर शोधतो, इंजिनिअर आयईईई एक्सप्लोर या इंजिनिअरिंगच्या साइटवर, दोघांनाही अर्धाच माणूस दिसतो. माझं म्हणणं एवढंच की यादीतली प्रत्येक ओळ दुसऱ्या बाजूच्या माणसालाही तपासता आली पाहिजे, लांबी नंतर बघू.

नावाचा घोळ, सगळ्यात मोठा

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. आता एका पेपरवर तीनही, दुसऱ्यावर फक्त पहिलं आणि आडनाव, तिसऱ्यावर लग्नानंतरचं आडनाव, चौथ्यावर दोन्ही आडनावं मध्ये हायफन टाकून, असं केलं की कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती चार माणसं झाली. त्यात पबमेडमध्ये २००२ च्या आधीच्या नोंदींत लेखकाचं पूर्ण नाव नसायचंच, आडनाव आणि इनिशियल एवढंच, त्यामुळे जोशी एस किंवा पाटील ए शोधलं की हाडांचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, ऊसावर काम करणारे, सगळे एकत्र येतात.

उपाय आहे आणि फुकट आहे, ऑर्किड. २०१२ ला सुरू झालेला १६ अंकी नंबर, माणूस तोच तर नंबर तोच, नाव बदलो की हॉस्पिटल बदलो. पण इथेही लोक चुकतात. रेसिडेन्सीत असताना हॉस्पिटलच्या ईमेलवर काढतात, तो ईमेल पुढे बंद होतो, पासवर्ड आठवत नाही, मग नवीन नंबर काढतात, आणि आता दोन नंबर, दोन्हीत अर्धे अर्धे पेपर. असं झालं असेल तर घाबरू नका, ऑर्किडमध्ये डुप्लिकेट रेकॉर्ड काढून टाकायची सोय आहे, जुनं नव्यात जोडून घ्या आणि पहिल्याच दिवशी तुमचा खासगी ईमेलही तिथे जोडून ठेवा. आधीची नावं, लग्नाआधीचं आडनाव, इंग्रजी स्पेलिंगचे वेगवेगळे प्रकार हे सगळं तिथे इतर नावं म्हणून टाकता येतं, ते टाका. आणि नवीन पेपर सबमिट करताना नंबर प्रत्येक वेळी द्या, मग पबमेडमध्ये ऑथर आयडेंटिफायर या फील्डमध्ये तो नंबर टाकला की तुमचेच पेपर येतात, जोशी एस नावाचे बाकी सगळे गळून पडतात.

गुगल स्कॉलरचं उलटं आहे. तिथे प्रोफाइल आपोआप अपडेट व्हायला सोडलं की दुसऱ्याचे पेपर तुमच्या नावावर येऊन बसतात, तुम्ही बघतही नाही, आणि इंटरव्ह्यूत कुणीतरी विचारतं की हा मासळीच्या साठवणुकीवरचा पेपर तुमचा का. सेटिंगमध्ये जाऊन आधी ईमेलने विचारा असं करून ठेवा. स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसमध्ये एकाच माणसाची दोन प्रोफाइल झाली असतील तर ती जोडायची विनंती लेखक स्वतः करू शकतो, फक्त ती करायला हवी, बरेच लोक वर्षानुवर्षं करत नाहीत.

कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय

इथे दोन्ही क्षेत्रांचे रिवाज वेगळे आहेत आणि भांडणं इथेच होतात. इंजिनिअरिंगमध्ये कॉन्फरन्सचा पेपर म्हणजे पूर्ण पेपर, रिव्ह्यू होऊन आलेला, चार पानांचा का असेना, त्याला वजन आहे. मेडिकलमध्ये कॉन्फरन्सचं म्हणजे बहुतेक वेळा ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे सारांश, अर्ध्या पानाचा, जसे युरोपच्या ईएसपीई या बालएंडोक्राइन सोसायटीचे ॲबस्ट्रॅक्ट हॉर्मोन रिसर्च इन पीडियाट्रिक्सच्या पुरवणीत छापून येतात. जर्नलचं नाव मोठं, म्हणून लोक तो ॲबस्ट्रॅक्ट ओरिजिनल आर्टिकलच्या यादीत टाकतात. हे करू नका. टाकणाऱ्याचा हेतू वाईट नसतोही, पण कमिटीतल्या एकाने जरी ती ओळ उघडून बघितली तरी मग बाकीच्या वीस ओळींवर विश्वास उरत नाही. आणि उलटी बाजू, आयईईईच्या बायोमेडिकल कॉन्फरन्सचे, ईएमबीसीचे पेपर पबमेडमध्येही दिसतात, तेव्हा डॉक्टर मंडळींनी ते नुसते पोस्टर समजून खाली ढकलू नयेत.

तीच गोष्ट प्रीप्रिंटची, म्हणजे जर्नलात यायच्या आधीच इंटरनेटवर टाकलेल्या लेखाची. त्यासाठीची मेडआर्काइव्ह ही साइट २०१९ ला सुरू झाली, तिथे टाकलेला लेख रिव्ह्यू झालेला नसतो. पुढे तोच जर्नलात आला की दोन ओळी करायच्या नाहीत, एकच ओळ आणि प्रीप्रिंटची लिंक तिच्याच खाली. ॲबस्ट्रॅक्ट, प्रीप्रिंट आणि पेपर, एकाच कामाच्या तीन ओळी झालेल्या मी फार बघते.

पबमेडमध्ये आहे म्हणजे मेडलाइनमध्ये आहे असं पण नाही. पबमेड ही शोधायची जागा, मेडलाइन हा त्यातला निवडलेल्या जर्नलांचा भाग, आणि पबमेड सेंट्रल म्हणजे पूर्ण मजकूर ठेवायचं कोठार. फॉर्ममध्ये मेडलाइन लिहिलं असेल तर जर्नल त्यात आहे का ते एनएलएमच्या, म्हणजे पबमेड चालवणाऱ्या अमेरिकन मेडिकल लायब्ररीच्या, कॅटलॉगमध्ये बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

सेन्सरचा आकडा लिहिताना

हे मी मनापासून सांगते कारण ही यादी फक्त सिलेक्शन कमिटी वाचत नाही. टाइप वन डायबिटीस झालेल्या मुलाची आई रात्री दोनला मोबाईलवर डॉक्टरचं नाव टाकून वाचत असते, आणि तिला "सुईशिवाय ग्लुकोज मोजणारा सेन्सर, ९८ टक्के अचूक" एवढंच दिसतं. तो सेन्सर बफरमध्ये तपासलाय, म्हणजे मिठाच्या पाण्यासारख्या द्रावणात ग्लुकोज घालून, हे तिला कुठून कळणार? अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर सांगितलं की त्वचेला न टोचता ग्लुकोज मोजतो म्हणणारं एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. अशा वेळी आपल्या यादीतली एक मोघम ओळ कुणाच्या तरी इन्सुलिनच्या डोसपर्यंत पोचू शकते.

म्हणून शीर्षकाखाली एक छोटी ओळ लिहा, काम कुठल्या टप्प्यावर आहे: बफर, सीरम म्हणजे रक्तातला पातळ भाग, मोठी माणसं, का मुलं, आणि मुलं असतील तर किती आणि कुठल्या वयाची. बारा मुलांवरचा पेपर बारा मुलांवरचाच म्हणून लिहा, त्यात कमीपणा नाही, लहान मुलांचा डेटा गोळा करणं किती अवघड असतं हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

अचूकतेचं माप पण बरोबर लावा. बोटाला टोचून मोजायच्या मीटरसाठी आयएसओ १५१९७ हे मानक आहे, २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे ९५ टक्के रीडिंग, ग्लुकोज १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत आणि १०० किंवा वर असेल तर १५ टक्क्यांच्या आत यायला हवीत. सीजीएम म्हणजे दंडावर चिकटवायचा सेन्सर रक्तात मोजतच नाही, तो त्वचेखाली पेशींच्या मधल्या जागेत असलेल्या द्रवात मोजतो, रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, त्याच्यासाठी एमएआरडी सांगतात, म्हणजे खऱ्या आकड्यापासून सरासरी किती टक्के फरक. हा सरासरी आकडा छान दिसतो पण त्यात शुगर खूप खाली गेलेली असतानाची चूक लपून जाते, आणि मुलांमध्ये नेमकी तीच वेळ महत्त्वाची, रात्री मूल सेन्सरच्या कुशीवर झोपलं आणि सेन्सर दाबला गेला तरी खोटं लो दिसतं. तेव्हा ७० च्या खालचा हिशोब वेगळा दिला असेल तर यादीतल्या ओळीत तो आधी लिहा. १९८७ ची क्लार्क एरर ग्रिड वापरली असेल (ए झोन म्हणजे रीडिंग बरोबर, बी म्हणजे चुकलेलं पण उपचार न बिघडवणारं) तर ए झोन आणि बी झोन मिळून ९९ टक्के असं एकत्र न लिहिता ए किती ते सांगा.

कॉर्टिसोलवाल्यांना एक वेगळी विनंती. लाळेतलं कॉर्टिसोल सकाळी जास्त आणि रात्री कमी असतं, नमुना किती वाजता घेतला हे नसेल तर आकड्याला अर्थ नाही, मग तो सेन्सर कितीही संवेदनशील असो.

मुलांवर ट्रायल केली असेल तर तिचा सीटीआरआय म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर पेपरशेजारीच द्या. ही नोंदणी २००७ ला सुरू झाली, १५ जून २००९ पासून सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच करावी लागते. नंबर असला की वाचणाऱ्याला दिसतं की आधी काय मोजायचं ठरवलं होतं आणि पेपरात शेवटी काय आलं.

आकड्यांचा मोह

एच-इंडेक्स २००५ ला हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला, २० पेपरांना प्रत्येकी किमान २० सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांतले उल्लेख, असतील तर तुमचा एच २०. मटेरियलवाल्या सेन्सर पेपरांना सायटेशन पटापट मिळतात, जन्मजात ॲड्रिनल हायपरप्लेशियासारख्या दुर्मिळ आजारावर लिहिणारेच मोजके, त्यामुळे तिथे आकडा हळू चढतो. दोन्ही एकत्र करून एकच आकडा वर ठळक लिहिला की त्यातून काहीच कळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्याचा आकडा, तर जर्नलचा असतो, तुमचा नाही, सगळ्या जर्नलांच्या फॅक्टरची बेरीज करून लिहिणं कृपा करून थांबवा.

पेटंटमध्ये एक साधी चूक, अर्ज, प्रसिद्ध झालेला अर्ज आणि मिळालेलं पेटंट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात अर्ज गेला की साधारण १८ महिन्यांनी तो त्या ऑफिसच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, त्याचा अर्थ पेटंट मिळालं असा नाही. यादीत फाइल्ड, पब्लिश्ड, ग्रँटेड यातलं खरं काय ते लिहा.

आणि व्हॉट्सॲपवर येणारी ती जर्नलं, तीन दिवसांत ॲक्सेप्टन्स वाली. प्रमोशनची घाई असते हे मला कळतं, पण तिथे छापलेला चांगला डेटा वाया जातो, तो परत दुसरीकडे छापता येत नाही. यूजीसीने चांगल्या जर्नलांची केअर लिस्ट २०२५ मध्ये बंद केली, म्हणजे जर्नल तपासायची जबाबदारी आता आपल्यावरच जास्त आहे. एडिटोरियल बोर्डवरच्या एकदोघांना सरळ ईमेल करून विचारा की तुम्ही खरंच या बोर्डवर आहात का.

नावांचा क्रम

मेडिकल आणि सेन्सर दोन्हीकडे पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं गाइडचं असं धरतात, पण दोन गाइड, एक परळचा एक पवईचा, मग शेवटचं कुणाचं? पेपर लिहायच्या आधी ठरवा आणि ईमेलवर ठरवा. क्रेडिट नावाची १४ भूमिकांची पद्धत बरीच जर्नलं वापरतात, सॉफ्टवेअर कुणाचं, पेशंट कुणी बघितले, लिखाण कुणाचं हे त्यात येतं. तुमच्या यादीतही पेपरखाली दोन शब्द लिहा, सेन्सर बनवला, की मुलांचा फॉलोअप केला.

छापून झाल्यावर नाव चुकलेलं किंवा ॲफिलिएशन म्हणजे संस्थेचं नाव गाळलेलं दिसलं तर बरेच लोक पबमेडला लिहितात आणि वाट बघत बसतात. पबमेडला ती माहिती प्रकाशकाकडून येते, तेव्हा आधी जर्नलच्या एडिटरला सगळ्या सहलेखकांना सीसी ठेवून लिहा, डीओआय म्हणजे पेपरचा कायमचा नंबर, चुकलेली ओळ आणि बरोबर ओळ असं तिन्ही त्यात द्या. जर्नलने करेक्शन छापलं की पबमेडमध्ये ते मूळ नोंदीला जोडलं जातं. तोपर्यंत स्वतःच्या यादीत पेपर जसा छापलाय तसाच ठेवा आणि त्याच्या खाली लिहा, दुरुस्तीची विनंती केली आहे, तारीख अमुक.