थंडीत पिकअपचा ऑटो क्लायमेट कंट्रोल बिघडला असं म्हणण्याआधी या चुका टाळा

शून्याखालची सकाळ. पिकअप सुरू केली, स्क्रीनवर २२ अंश आणि शेजारी ‘ऑटो’. दोन मिनिटं झाली तरी ब्लोअर जेमतेम फिरतोय, काचेवर थोडी हवा आणि पायांशी काहीच नाही. बरेच जण इथेच ठरवून मोकळे होतात की कंट्रोल गेला. खरं तर त्या क्षणी तो अगदी चोख काम करत असतो.

केबिन तापवायची उष्णता इंजिनातून येते. इंजिन गार ठेवणारं द्रव म्हणजे कूलंट. गरम झालेलं हे कूलंट डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. क्लायमेट कंट्रोलकडे फक्त वाटपाचं काम: किती हवा कोअरवरून न्यायची, किती बाजूने काढायची, कुठल्या व्हेंटमधून सोडायची. कूलंटच गार असेल तर वाटणार काय? म्हणून कूलंट बऱ्यापैकी कोमट होईपर्यंत ब्लोअर मुद्दाम हळू ठेवला जातो, म्हणजे गार वारा अंगावर येत नाही. थंडीतल्या तक्रारींचा छडा लावताना हेच धरून चाला. आधी उष्णता तयार होते का बघा, मग कंट्रोलला खरी माहिती मिळते का बघा, आणि इलेक्ट्रॉनिक्सवर संशय अगदी शेवटी घ्या.

आकडा ‘हाय’वर नेऊन वाट बघणं

केबिन गार असताना २२ लावा नाहीतर ‘हाय’, गरम-गार हवेचं वाटप करणारी आतली झडप दोन्ही वेळा पूर्ण गरम बाजूलाच असते. त्यामुळे ‘हाय’ लावून केबिन काही लवकर तापत नाही. उलट ‘हाय’वर यंत्रणा तापमान राखायचं सोडून देते आणि सगळी गरम हवा सोडत राहते. थोड्या वेळाने जीव घुसमटतो, मग आकडा एकदम खाली, मग पुन्हा वर. २१-२२ लावा आणि पंधरा-वीस मिनिटं बटणांना हात लावू नका.

जागेवर इंजिन चालू ठेवून गाडी ‘तापवणं’ही असंच. डिझेल इंजिन निवांत फिरताना फार कमी उष्णता देतं, दहा मिनिटांनीही तापमानाचा काटा हलेलच असं नाही. काच पूर्ण साफ झाली की हलक्या पायाने निघा, चालत्या गाडीत कूलंट लवकर तापतं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवण्याचा विचारही मनात आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

कूलंट न बघता पार्ट बदलणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. हीटर गार मारतोय म्हणून कुणी कंट्रोल पॅनल बदलतं, कुणी ब्लोअर, आणि खोट निघते थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट पुढच्या रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची. थर्मोस्टॅट उघडाच अडकला की कूलंट सारखं पुढच्या रेडिएटरमधून फिरतं आणि तापतच नाही. खूण सोपी आहे: वस्तीत काटा थोडा चढतो, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की पुन्हा उतरतो. डॅशवरच्या काट्यावर फार विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम एका जागी स्थिर राहील असा केलेला असतो. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला, रीडर लावून कूलंटच्या तापमानाचा खरा आकडा बघा. इंजिन नीट तापल्यावर तो साधारण ८५ ते १०० अंशांत हवा. अर्धा तास चालवूनही ६०-६५वरच रेंगाळत असेल, तर डॅशबोर्ड उघडायची गरजच नाही.

दुसरी खूण: सिग्नलला उभं राहिलं की हवा गार, ॲक्सिलरेटर दाबला की गरम. हे बहुधा कूलंट कमी झाल्याचं किंवा लाइनमध्ये हवा अडकल्याचं लक्षण. डॅशच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येत असेल तर फारशी शंका उरत नाही. कूलंटची पातळी इंजिन पूर्ण गार असतानाच बघा. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. पातळी वारंवार कमी होत असेल तर नुसतं भरत राहू नका, गळती शोधा. आत गोडसर वास आणि काचेच्या आतल्या बाजूला पुसूनही न जाणारा तेलकट थर आला, तर हीटर कोअरच गळतोय.

तिसरी तपासणी हाताने होते. इंजिन तापल्यावर हीटर कोअरकडे जाणाऱ्या दोन रबरी पाइपांना जाडसर हातमोजा घालून, पंख्यापासून हात लांब ठेवून स्पर्श करा. दोन्ही गरम असतील तर कूलंट नीट फिरतंय, दोष पुढे झडपेत आहे. एक गरम आणि दुसरा नुसता कोमट असेल तर कोअर चोक झालाय किंवा पाइपावरचा व्हॉल्व्ह उघडत नाही. गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव ओतल्यावर कोअरच्या बारीक नळ्या बुजतात, हे मी एकापेक्षा जास्त गाड्यांत पाहिलंय. तो सोपा उपाय टाळा.

आणि मिश्रण. ‘थंडी जास्त आहे, पाणी न मिसळता नुसतं कूलंट भरूया’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण एथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) निम्मं आणि पाणी निम्मं असलं की ते उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३च्या सुमारास. कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी मिसळावंच लागतं. सांडलेलं लगेच पुसा, ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून जनावरं चाटतात.

सेन्सरना आंधळं करणं

एका हिवाळ्यात माझ्या पिकअपचा पुढचा बंपर उतरवून दुरुस्त करून बसवला. दुसऱ्या दिवसापासून केबिन भट्टीसारखं. आकडा २० केला, १८ केला, फरक शून्य. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बाहेरच्या तापमानाकडे नजर गेली: उणे ४०. ग्रिलच्या मागे हात घातला तर सेन्सरचा प्लग सुटून वायरला लोंबत होता. खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवला आणि काम झालं. हा सेन्सर थर्मिस्टर असतो, थंडी वाढली की त्याचा रोध वाढतो. प्लग सुटला की रोध अमर्याद, म्हणजे कंट्रोलच्या लेखी बाहेर भयंकर थंडी. त्याने बिचाऱ्याने मिळालेल्या माहितीवरून सगळी उष्णता सोडली.

उलटंही घडतं. इंजिन लवकर तापावं म्हणून ग्रिलपुढे पुठ्ठा किंवा कव्हर लावलं की सेन्सरपाशी इंजिनाची गरम हवा कोंडते आणि कंट्रोलला बाहेर उबदार वाटतं. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेलं कव्हर असेल तरच वापरा, आणि ट्रेलर ओढताना ते काढा, नाहीतर इंजिन जास्त तापेल.

आतले दोन सेन्सर सहज झाकले जातात. डॅशवर काचेजवळची काळी टिकली ऊन मोजते, तिच्यावर कागद, हातमोजे, डॅशमॅट नको. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, ऊन समोरून थेट तिच्यावर पडतं आणि यंत्रणा हवा थोडी गार करते, तो बिघाड नव्हे. स्टिअरिंगजवळची छोटी जाळी आतली हवा खेचून तापमान मोजते. ती धुळीने भरली की आकडे चुकतात. मऊ ब्रशने झटका, हवेच्या प्रेशरने आत फुंकू नका.

टकटक आली की लगेच मोटर मागवणं

किल्ली फिरवली की डॅशमागून टक, टक, टक, आणि एका बाजूला गरम तर दुसऱ्या बाजूला गार हवा. ही झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरची, ॲक्च्युएटरची, ओळखीची खूण. आतला प्लास्टिकचा गिअर अंगठ्याच्या नखाएवढा. त्याचे दोन दात झिजले की तो त्याच जागी येऊन घसरत राहतो.

पण नवी मोटर घेण्याआधी जुनी काढून झडपेचा दांडा बोटांनी फिरवून बघा. दोन्ही टोकांपर्यंत सहज फिरला पाहिजे. काचेखालच्या व्हेंटमधून पेन, नाणं, वाळकी पानं आत पडून झडप अडकते. ती तशीच ठेवून मोटर बदलली तर नवीचेही दात जातील. मोटर बसवल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर मॅन्युअलप्रमाणे कॅलिब्रेशन होऊ द्या, आणि ते चालू असताना बटणं दाबू नका.

काच धूसर झाली की एसी बंद आणि आतली हवा आतच

डिफ्रॉस्ट, म्हणजे काचेवर हवा सोडायचा मोड, लावल्यावर एसी कॉम्प्रेसर चालतो तो हवेतली ओल काढण्यासाठी. डिझेल-पेट्रोल वाचवायला तो बंद केला की काचेवर वाफ धरते. बाहेर पारा शून्याजवळ गेला की कॉम्प्रेसर आपोआप थांबतो. तेव्हा काच सुकवायचं काम बाहेरची हवा करते, कारण इतक्या थंड हवेत ओल नगण्य असते. म्हणूनच रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवणं, बंद हवं. ते चालू राहिलं तर बुटांना लागून आलेला बर्फ आणि चौघांचा श्वास, सगळी वाफ आतच फिरते. काचेच्या पायथ्याशी हवा आत घेणाऱ्या जाळीवरचा बर्फ रोज सकाळी झाडा, आणि केबिन फिल्टर ओला असेल तर बदला.

पिकअपमध्ये आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. आत आलेली हवा बाहेर पडायची वाट बऱ्याच मॉडेलमध्ये मागच्या सीटमागच्या भिंतीत असते. जॅक, दोर, ताडपत्री, घोंगड्या तिथेच कोंबलेल्या असतात. वाट बंद झाली की ब्लोअर कितीही फिरला तरी हवेला जोर येत नाही आणि मागच्या काचा ओल्याच राहतात. सीट पुढे पाडा, सामान काढा, रबरी पट्ट्यांची ती झडप बोटाने हलते का बघा आणि तिच्यासमोर चार बोटं जागा मोकळी ठेवा. मागे बसणाऱ्यांच्या पायांशी येणारे व्हेंट पुढच्या सीटखाली असतात, त्यांच्यावर सरकलेलं मॅटही त्याच वेळी मागे ओढून घ्या.