ब्राउझरात हात बसला की खऱ्या कॉम्प्युटरवर या

सेलूत माझं सेवा केंद्र आहे. दिवसभर सातबारा, दाखले, पीक विम्याचे फॉर्म आणि त्यांचे स्कॅन. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की दोन-चार लेकरं लिनक्सच्या कमांड शिकायला येतात. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, आणि कमांड म्हणजे तिला टाईप करून द्यायचा हुकूम. त्यांना सांगते तेच इथं सांगते.

पहिला आठवडा सिम्युलेटर, म्हणजे ब्राउझरात चालणारा नकली कॉम्प्युटरच बरा. प्रोग्रामर फॅब्रिस बेलार यांनी २०११ मध्ये आणलेलं जेएसलिनक्स थेट ब्राउझरात उघडतं, काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. पान रिफ्रेश केलं की सगळं कोरं. पीडब्ल्यूडी (आपण कुठल्या फोल्डरात आहोत), एलएस (फाईलींची यादी), सीडी (दुसऱ्या फोल्डरात जाणं), एमकेडीआयआर (नवं फोल्डर), सीपी (प्रत काढणं), एमव्ही (हलवणं) या सहा कमांड वहीत न बघता यायला लागेपर्यंत तिथंच राहा. फाईल पुसणारी आरएमसुद्धा तिथं मन भरेपर्यंत चालवा, भीती जाते.

पण महिनोन्‌महिने तिथं रमू नका. तिथल्या फाईली कुणाच्याच नसतात, म्हणून एंटर दाबताना हात जराही थबकत नाही. ही सवय मला महागात पडली. 'जुने' या शब्दानं सुरू होणारे स्कॅन पुसायचे होते. 'जुने' आणि त्यापुढची चांदणी (*) यांच्यामध्ये चुकून एक स्पेस पडली. आरएमनं 'जुने' नावाची फाईल शोधली आणि चांदणीचा अर्थ घेतला 'फोल्डरातलं सगळं'. दोन महिन्यांचे स्कॅन गेले. आरएमनं पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. लोकांना पुन्हा कागद घेऊन बोलवावं लागलं. वालूरच्या एका आजींना भर उन्हात दुसरी चक्कर पडली. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून आधी एलएस. जे पुसायचं तेच शब्द एलएसपुढं लिहायचे, यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. मग वरचा बाण दाबून ती ओळ परत आणायची आणि फक्त एलएसच्या जागी आरएम करायचं. आरएमपुढं आडवी रेघ आणि आय जोडलं तर प्रत्येक फाईल विचारून पुसली जाते.

विंडोज ११ असेल तर त्याच्या आतच लिनक्स बसवता येतं. त्यासाठी पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांड टाईप करायची खिडकी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डब्ल्यूएसएल, स्पेस, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून इन्स्टॉल, एवढं टाईप करा. मशीन रीस्टार्ट केल्यावर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) नाव आणि पासवर्ड मागतं. पासवर्ड टाईप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. प्रत्येक लेकरू इथं अडतं, "ताई, कीबोर्ड बंद पडला." बंद नाही पडला, टाईप करून एंटर दाबा.

एक मात्र जपा. त्या उबुंटूत एमएनटी फोल्डरच्या आत सी म्हणून दिसतो तो तुमचा खराखुरा सी ड्राईव्ह. तिथं पुसलं की विंडोजमधूनही गेलं. सरावासाठी उबुंटूतल्या आपल्या होम फोल्डरात 'सराव' नावाचं फोल्डर करा आणि खऱ्या फाईलींच्या प्रती तिथं आणा. नावात स्पेस असलेल्या, मराठीत नाव दिलेल्या, जवळजवळ सारख्या नावाच्या चार-चार, अशाच आणा. 'सातबारा नवीन' हे नाव अवतरणचिन्हांत घातलं नाही तर कमांड त्याला दोन फाईली समजते, हे तिथं आपोआप कळतं.

आणि आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही. मोठं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर न्यायचं तर सीपीऐवजी आरसिंक वापरा, आडवी रेघ, ए, व्ही लावून. मध्येच लाईट गेली तर आल्यावर तीच ओळ पुन्हा चालवा. पूर्ण पोचलेल्या फाईली सोडून ते उरलेल्याच नेतं. लेकरांकडून मी हे मुद्दाम करून घेते, कॉपी चालू असताना कंट्रोल आणि सी दाबून तोडायला लावते, आणि मग दोन्हीकडच्या फाईली मोजायला सांगते.