होळकर म्हणणारा आवाज: माहितीपटासाठी निवेदक कसा निवडावा

अहिल्याबाई होळकरांच्या जन्मत्रिशताब्दीच्या निमित्ताने, २०२५ मध्ये, आमच्या मंडळाने चौदा मिनिटांचा माहितीपट केला. आवाज एका स्टुडिओने सुचवलेल्या गृहस्थांचा. खर्जातला, भारदस्त, ऐकताच मान डोलावी असा. इंदूरच्या रामबागेतल्या एका घरी पहिली प्रत लावली आणि दुसऱ्याच वाक्याला कोचावरच्या आजी म्हणाल्या, ‘हा होलकर होलकर काय करतोय?’ पुढे ‘मालवा’ आला, मग ‘क्रिपा’ आली. पैसे देऊन झाले होते. सगळं निवेदन नव्या माणसाकडून पुन्हा करून घेतलं. त्या दुसऱ्या खेपेला जे शिकलो, ते इथे लिहितो. छोटी फिल्म, संस्थेची ध्वनिफीत, श्राव्य पुस्तक, काहीही करणार असाल तरी क्रम हाच ठेवा.

आधी संहिता, मग आवाज

कलाकाराला फोन करण्याआधी संहिता स्वतः मोठ्याने वाचा, मोबाइलवर वेळ लावून. शांत निवेदनात मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात, हा माझा ठोकताळा. चौदा मिनिटांच्या फिल्मला चौदा मिनिटं आवाज लागत नाही. आमचं निवेदन नऊ मिनिटांचं होतं, म्हणजे हजारेक शब्द. हा आकडा हाताशी असेल तरच मानधनाची बोलणी नीट होतात.

जिथे तुमची जीभ अडखळते, तिथे निवेदकाचीही अडखळणार. ते वाक्य तोडा. सन अक्षरात लिहा. अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला ते साल ‘१७६७’ असं छापून दिलं, तर इंदुरात वाढलेला माणूस ‘सदुसष्ट’ म्हणताना मनात आधी ‘सड़सठ’ म्हणतो आणि मध्येच घुटमळतो. विशेषनामांचा एक वेगळा कागद करा. अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर १७५४ मध्ये जिथे लढाईत पडले ते गाव मराठीत कुंभेर आणि हिंदीत कुम्हेर. दोन्ही बरोबर, पण तुमच्या फिल्ममध्ये एकच चालेल, आणि ते तुम्ही ठरवायचं. निवेदकावर सोडू नका.

कोणाचा आवाज हवा?

‘भारदस्त हवा’ ही सूचना नव्हे. बोलणारा कोण आहे ते ठरवा: राजवाडा दाखवणारा गाइड, नातवाला गोष्ट सांगणारी आजी, की वर्गात शिकवणारे सर? एवढं ठरलं की वय, वेग, स्वर बरेचसे आपोआप ठरतात. आणखी एक प्रश्न इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांनी स्वतःला विचारावाच: मराठी कोणती? आम्ही घरात बिनदिक्कत ‘येऊन राहिलो’ म्हणतो. एखाद्या पात्राच्या तोंडी ते गोडच लागेल. इतिहास सांगणाऱ्या निवेदनात मला ते नको होतं. पण पुण्याहून आयात केल्यासारखी कडक इस्त्रीची मराठीही नको होती.

शोध कुठे घ्यावा

ऑनलाइन याद्यांमध्ये हिंदी आवाज ढिगाने मिळतात, मराठीतले चांगले कमी. म्हणून आधी ओळखीच्या वर्तुळात फिरा. इंदूरला सानंदसारख्या संस्थेमुळे मराठी नाटकाचा प्रेक्षक टिकला आहे आणि त्या प्रेक्षकांतच हौशी नट, अभिवाचन करणाऱ्या बायका, निवृत्त शिक्षिका सापडतात. आकाशवाणीचं इंदूर केंद्र १९५५ पासून आहे. तिथे नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलेल्यांना घड्याळाचं भान असतं, पन्नास सेकंदांचा मजकूर ते पन्नास सेकंदांतच वाचतात. नाटकवाल्यांचं थोडं उलट. त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय, आणि माइक तर तोंडापासून वीतभर. त्यांना खाली आणायला वेळ द्यावा लागतो. पण एकदा खाली आले की असा जिवंत आवाज दुसरा नाही. मुंबई-पुण्याचा कलाकार घरच्या स्टुडिओतून काम करून फाइल पाठवतो, तोही मार्ग उत्तम. फक्त चाचणी चुकवू नका.

चाचणी

इथेच सगळा खेळ आहे. कलाकार पाठवतात तो डेमो म्हणजे लग्नासाठी काढलेला फोटो: मागे संगीत, आवाजावर रंगरंगोटी. तो ऐकून फक्त यादी छोटी करा. निवड तुमच्या मजकुरावर करा. शंभर-सव्वाशे शब्द पाठवा, त्याहून जास्त फुकट मागणं बरं नव्हे. त्यात असं एखादं वाक्य घाला:

‘माळव्यातल्या चांदण्या रात्री होळकरांच्या वाड्यात ज्ञानचर्चा चाले, कृष्णाजीपंत चार वेळा चुकले, पण माझा निश्चय आणि माझी खात्री ढळली नाही.’

हास्यास्पद वाक्य आहे, मान्य. पण माणूस यात लगेच कळतो. ‘ळ’ चा ‘ल’ होतो का? ‘चांदण्या’तला च दातांजवळचा आणि ‘चार’मधला टाळूचा, हा फरक येतो का? ‘माझा’तला झ आणि ‘माझी’तला झ वेगळे ऐकू येतात का? ‘ज्ञान’ मराठीत द्न्यान आहे, ग्यान नाही. ‘कृष्ण’ क्रुष्ण आहे, क्रिष्ण नाही. आमच्या पहिल्या गृहस्थांचं यातलं प्रत्येक अक्षर हिंदीच्या अंगाने गेलं असतं. त्यांचा दोष नव्हता. आम्ही तपासलंच नव्हतं. हिंदी आवृत्तीही करायची असेल तर दोन्ही भाषांची चाचणी वेगवेगळी घ्या. एकाच माणसात पैसे वाचवण्याचा मोह इंदुरात फार होतो, कारण सगळेच दोन्ही भाषा बोलतात. बोलणं आणि वाचणं यात अंतर आहे.

चाचणी आवडली तर फोन करून सांगा: ‘हेच पुन्हा वाचा, पण बाजूला झोपलेलं मूल उठू नये असं.’ दुसरं वाचन खरंच बदललं तर माणूस पक्का करा. सुंदर आवाजाचे पण एकाच चालीत वाचणारे लोक मी नाकारले आहेत आणि साध्या आवाजाची एक बाई घेतली आहे.

ध्वनिमुद्रण

घरी मुद्रण करणाऱ्यांकडून डब्ल्यूएव्ही फाइल मागा, व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. संगीत, घुमारा, आवाज साफ करणारे फिल्टर काही नको. ते तुमचा संकलक करेल. सुरुवातीला खोलीची दहा-पंधरा सेकंदांची नुसती शांतता घ्यायला सांगा, जोडकामात ती कामी येते. रजया-गोधड्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभं राहून वाचलं तरी घुमणं बरंच कमी होतं. आणि इंदुरात सकाळचं सत्र ठेवू नका. कचरागाडी गाणं वाजवत येते. शहर स्वच्छ होतं, टेक घाण होतो.

पैसे आणि कागद

मानधन शब्दांवर, तयार मिनिटांवर किंवा सत्रावर ठरतं. कोणतंही चालेल, पण आवाज कुठे वाजणार ते आधी सांगा. मंडळाच्या कार्यक्रमात दाखवायची फिल्म आणि वर्षभर चालणारी जाहिरात यांचा दर एक नसतो, नसावा. फेरवाचनाचा नियमही आधीच बोला: कलाकाराची चूक असेल तर फुकट, आपण संहिता बदलली तर पैसे. अर्धी रक्कम आगाऊ देणं रास्त.

हे सगळं लिहून सही घ्या, ओळख कितीही जुनी असो. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये कलाकाराच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क आहेत. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अमेरिकेतल्या मराठी मंडळाला तुमची फिल्म हवी असेल तर हे तेव्हा आठवून उपयोग नाही. एक ओळ आता हवीच: या ध्वनिमुद्रणावरून यंत्राने नकली आवाज तयार केला जाणार नाही. अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या नकलेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अंतरिम मनाई दिली. त्यानंतर कलाकार ही ओळ स्वतःहून मागू लागले तर रागावू नका.

सत्राच्या दिवशी

सूचना एकाच माणसाने द्याव्यात. आमच्या पहिल्या सत्रात अध्यक्ष, सचिव आणि संहिताकार तिघंही बोलत होते. निवेदक शेवटी कोणाचंच ऐकेनासा झाला. प्रत्येक परिच्छेद वेगळी फाइल म्हणून घ्या आणि निवेदकाला जाऊ देण्याआधी संहिता हातात धरून सगळं एकदा ऐका. तरी काहीतरी सुटतंच. आमचं छत्रीबागेचं, म्हणजे होळकरांच्या समाध्यांच्या जागेचं, एक वाक्य राहिलं, ते अडीच महिन्यांनी घेतलं. माइक तोच, खोली तीच, पण आमच्या नव्या निवेदिकाबाईंना सर्दी. आठवडाभर थांबलो.