दोर्दोन्यच्या खोऱ्यात कुटुंबासह सहली: या चुका टाळा

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बोर्दोहून गाडीने साधारण अडीच तासांवर सार्ला नावाचं जुनं दगडी गाव आहे. त्याच्या आसपास, दोर्दोन्य आणि व्हेझेर या दोन नद्यांच्या खोऱ्यांत आठवडाभर घर भाड्याने घेऊन राहायचं आणि तिथून रोज कुठेतरी जाऊन यायचं, ही मुलं आणि आजी-आजोबा सोबत असलेल्या कुटुंबासाठी मला युरोपातली सगळ्यात चांगली सुट्टी वाटते. तरीही बरीच मंडळी इथून दमून परततात. त्याचं मुख्य कारण म्हणजे पॅरिसमध्ये आखतात तसे दिवस ते इथेही आखतात. इथल्या खेड्यांचा दिवस वेगळ्या वेळापत्रकाने चालतो. ते पाळलं तर फार थोडं बिघडतं.

दुपारचे बारा ते दोन विसरणं

सगळ्यात जास्त सहली इथेच फसतात. आपली मंडळी सावकाश आवरून साडेदहाला निघतात, किल्ला बघता बघता दीड वाजतो, मग पार्किंग शोधून दोन-सव्वादोनला उपाहारगृहाच्या दारात उभी राहतात. तोवर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. खेड्यातलं दुपारचं जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं, त्यानंतर थेट संध्याकाळी सातच्या पुढे. छोटी दुकानंही दुपारी दोन-अडीच तास बंद असतात. रविवारी दुपारनंतर किराणा मिळणं कठीण, आणि सोमवारी पुष्कळ बेकऱ्या बंद. भुकेलेली मुलं आणि वेळेवर औषध घ्यायचे आजोबा गाडीत असतील तर पुढची दुपार वाया गेलीच समजा.

यावर सोपा उपाय आहे. सकाळी नऊला बाहेर पडा, एकच मोठी गोष्ट बघा आणि साडेबाराला जेवायला बसा. त्याहून चांगलं म्हणजे डबा बरोबर ठेवा. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो. तिथे ताजा पाव, काबेकू नावाचं शेळीच्या दुधाचं छोटं चपटं चीज, टोमॅटो, मोसमात स्ट्रॉबेरी आणि अक्रोडाचा केक घेतला की नदीकाठी उत्तम जेवण होतं. घरून नेलेले ठेपले आणि लोणचं त्याच्यासोबत छान लागतं. उशीर झालाच तर छोट्या गावांत फिरत बसू नका. सार्लासारख्या मोठ्या गावात जा आणि दारावर ‘सेर्व्हिस कोंतिन्यू’ लिहिलेली जागा शोधा. तिथे दुपारभर जेवण मिळतं. मोठी सुपरमार्केटंही बहुधा दुपारी उघडी असतात.

शनिवारचं एक लक्षात ठेवा. उन्हाळ्यात बहुतेक घरं शनिवार ते शनिवार भाड्याने देतात आणि किल्ली दुपारी चार-पाचच्या सुमारास मिळते. त्या दिवशी रस्ते भरलेले असतात. म्हणून त्या दिवशी कुठलीही सहल ठेवू नका. वाटेत सुपरमार्केटमध्ये थांबून सोमवार सकाळपर्यंतचं सामान भरा.

‘मांस नको’ एवढंच सांगणं

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचावं. हा भाग बदकाचा आहे. इथे बदकाची चरबी तेलातुपासारखी वापरतात. ‘पोम सार्लादेझ’ हे लसूण-पार्सली घातलेले बटाटे दिसायला निर्धोक असतात, पण ते बदकाच्या चरबीतच परततात. मशरूमचं ऑम्लेटही त्याच चरबीत केलेलं असू शकतं. ‘सालाद पेरिगूर्दीन’ नावाच्या सॅलडमध्ये बदकाचे अवयव घालतात. लसणाचं ‘तूरँ’ नावाचं सूपही चरबीवर केलेलं असतं. त्यामुळे ‘सां व्हियांद’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं पुरत नाही. पुढे ‘सां ग्रेस द कानार’, बदकाच्या चरबीशिवाय, हेही म्हणा. कागदावर लिहून आजींच्या पर्समध्ये ठेवलंत तर आणखी चांगलं. शेळीच्या चीजचं गरम सॅलड, अक्रोडाच्या तेलातली कोशिंबीर, क्रेप आणि पिझ्झा हे त्यातल्या त्यात भरवशाचे पर्याय. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकायची पद्धत आहे, म्हणून ‘सां लार्दों’ हेही विचारा.

सगळ्या गुहा सारख्याच समजणं

मोंतिन्याक गावाजवळची, आदिमानवाने काढलेल्या चित्रांची लास्को गुहा सप्टेंबर १९४० मध्ये चार मुलांना सापडली. लोकांच्या श्वासातल्या वाफेने आणि कार्बन डायऑक्साइडने चित्रं बिघडू लागली, म्हणून १९६३ मध्ये ती पर्यटकांसाठी बंद झाली. आज आपण जे पाहतो ती डिसेंबर २०१६ मध्ये उघडलेली संपूर्ण प्रतिकृती आहे. तिला ‘लास्को चार’ म्हणतात. मुलांना हे आधीच सांगा, म्हणजे आत गेल्यावर ‘हे खोटं आहे’ म्हणून हिरमुसणार नाहीत. प्रतिकृती अप्रतिम आहे आणि ती का करावी लागली ही गोष्टसुद्धा मुलांना आवडते. जुलै-ऑगस्टमध्ये इंग्रजी मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्या लवकर भरतात, तेव्हा वेळ आधीच ठरवून तिकीट काढा.

खरी चित्रं पाहायची असतील आणि सोबत गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील, तर रूफिन्याकला जा. या ‘शंभर मॅमथांच्या गुहे’त विजेवर चालणारी छोटी गाडी आतपर्यंत नेते. चालावं लागत नाही म्हटलं तरी चालेल. याउलट पादिराकचा प्रचंड खड्डा. लिफ्टने खाली जाता येतं, मग जमिनीखालच्या नदीतून होडी असते, आणि मुलं ते वर्षानुवर्षं विसरणार नाहीत. पण होडीतून उतरल्यावर पायऱ्यांची चढउतार आहेच आणि ती टाळता येत नाही. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी त्या दिवशी वेगळा बेत ठेवा. बाबागाडीही गाडीतच राहू द्या आणि बाळाला अंगावर बांधायच्या पिशवीत घ्या.

बाहेर ३५ अंश असले तरी गुहेत साधारण १३ अंश असतात. उन्हाळी कपड्यांत आत गेलेलं मूल पंधरा मिनिटांत कुडकुडायला लागतं. प्रत्येकाचा एक स्वेटर गाडीत कायम राहू द्या.

नकाशावरचे किलोमीटर मोजणं

सार्लाहून पादिराक साठेक किलोमीटर, पण वेळ तासाच्या वर. रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत. वेगमर्यादा अशा रस्त्यांवर ८०, काही ठिकाणी ९०, म्हणून पाटी पाहा. खेड्यांत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तुमचा रस्ता कितीही मोठा दिसो. म्हणून दिशेप्रमाणे दिवस वाटा: एक दिवस उत्तरेला व्हेझेरकाठच्या गुहा, एक दिवस पूर्वेला पादिराक आणि जवळचं रोकामादूर हे कड्यावरचं तीर्थस्थान, बाकीचे दिवस नदीकाठी. भारतीय लायसन्सवर गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आरटीओतून काढून घ्या. गिअर बदलायची सवय नसेल तर ऑटोमॅटिक गाडी महिनोन् महिने आधी सांगून ठेवा. दहा वर्षांखालच्या मुलांना मागच्याच सीटवर, त्यांच्या मापाच्या आसनात बसवायचं, हा इथला कायदा आहे.

कनूचा सगळ्यात लांब टप्पा घेणं

दोर्दोन्य नदीतून कनूने, म्हणजे वल्ह्यांच्या छोट्या होडीने, जाताना ला रोक-गाजाक, कास्तेलनो आणि बेनाक ही कड्यांवरची गावं आणि किल्ले खालून दिसतात. हे करायलाच हवं. पण व्हित्राकहून बेनाकपर्यंतचा सोळाएक किलोमीटरचा टप्पा लहान मुलांना उन्हात झेपत नाही. सेनाकहून निघालात तर अंतर जवळपास निम्मं होतं आणि मुख्य देखावे तेवढ्यातही येतात. पोहता येणं ही अट असते, आणि लाइफ जॅकेट घातलं म्हणून ती सुटत नाही. पायांत पाण्यात चालतील असे पट्ट्याचे सँडल हवेत, कारण तळ गोट्यांचा आहे. आजी-आजोबांना ला रोक-गाजाकहून गाबार या सपाट तळाच्या होडीत बसवा. तासाभराची संथ फेरी असते, आणि कनूतली नातवंडं त्यांना वाटेत हातही करू शकतात.

पाच वाजता घरी परतणं

जून-जुलैत इथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. दुपारी उन्हाच्या वेळी घरी येऊन खिडक्यांची झापडं लावून झोपा आणि सहानंतर पुन्हा निघा. जुलै-ऑगस्टमध्ये मार्केसाकच्या बागेत गुरुवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. अनेक खेड्यांत ठरावीक वारी रात्रीचा खाऊबाजार भरतो. चौकात लांब टेबलं मांडतात आणि प्रत्येक जण हवं ते विकत घेऊन एकत्र बसून जेवतो. आपल्या खेड्याचा वार घरमालकाला विचारा. ताटल्या, काटे-चमचे आणि पाण्याची बाटली घरून न्या, आणि सातच्या आत पोहोचा, कारण बाकं पटकन भरतात.