कपातले डाग: कोणते घासायचे आणि कोणता कप बाजूला ठेवायचा

कपाला आतून तपकिरी थर धरला की हात आपोआप घासणीकडे जातो. पण घासण्याआधी तो डाग नेमका कुठे बसलाय, ते बघा. सिरॅमिकच्या कपावर काचेसारखी पातळ झिलई असते. डाग झिलईच्या वर असेल तर निर्धास्त राहा. भेगांतून आत उतरला असेल तर जरा विचार करा. आणि झिलईच झिजत असेल, तर त्या कपातून पिणं थांबवा.

त्यासाठी कप साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. ओल्या झिलईवर बारीक भेगा सहज नजरेतून सुटतात. मग उजेडात तिरपा धरून बघा आणि डागावरून हलकेच नख फिरवा.

तपकिरी थर. चहा-कॉफीतली तुरट द्रव्यं हवेशी संयोग पावतात, पाण्यातल्या क्षारांबरोबर त्यांचा थर जमतो. तो दिसायला वाईट, पण अपायकारक नाही. चमचाभर खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाटसर लेप करा आणि मऊ स्पंजने चोळा. जुना थर असेल तर गरम पाण्यात सोडा विरघळवून कप अर्धा तास भरून ठेवा. पांढरट क्षार जमले असतील तर मात्र सोडा उपयोगाचा नाही, तिथे आम्ल लागतं: व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतू नका. फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांचा जोर मारतात. ब्लीच तर आम्लात कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

करड्या रेघा. या ओरखड्यासारख्या दिसतात, पण नखाला लागत नाहीत. चमच्याचा धातू झिलईवर घासला जाऊन त्याची खूण उमटते. झिलई स्टीलपेक्षा कठीण असली तरी सूक्ष्म पातळीवर खरखरीत असते, मॅट कपाची तर जास्तच. सोड्याच्या लेपाने किंवा सिरॅमिकसाठी मिळणाऱ्या सौम्य क्लीनरने रेघा निघतात किंवा फिक्या होतात. नंतर कप भरपूर पाण्याने धुवा. तारेची घासणी वापरलीत तर नव्या रेघा उमटतील.

जाळीसारख्या भेगा. झिलई आणि खालची माती गरम-थंड होताना सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत. त्या ताणाने झिलईला केसाएवढ्या भेगा पडतात. मातीने वर्षानुवर्षं ओल शोषली तरीही हे होतं. पुढे काय, हे कप कशाचा आहे त्यावर ठरतं. पोर्सिलेन भट्टीत इतकं घट्ट भाजलेलं असतं की पाणी जवळपास शोषत नाही, त्यामुळे तिथे धोका कमी. कमी तापमानाला भाजलेली माती सच्छिद्र राहते. पेय भेगांतून तिच्यात उतरतं आणि ती ओल जंतूंना सोयीची ठरते. ओळखायचं असेल तर कपात रात्रभर पाणी भरून तो कागदावर ठेवा. सकाळी तळाशी ओलं वर्तुळ दिसलं, किंवा मायक्रोवेव्हमध्ये पाण्यापेक्षा कपच जास्त तापला, तर माती पाणी पितेय असं समजा. अशा कपाला ब्लीच लावू नका, तेही आत मुरतं. ओठ लागतो तिथला टवका उडाला असेल, तर ओठ कापण्याचीही भीती असते.

झिलईच बिघडलेली. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. झिलई लवकर वितळावी आणि चमकावी म्हणून पूर्वीपासून तिच्यात शिसं घालत आले आहेत. भडक लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकतं. झिलई नीट भाजलेली नसेल तर हे धातू पेयात उतरतात. फळांचा रस, लिंबाचं पेय, कॉफी अशी आंबट पेयं ते जास्त ओढून घेतात, आणि पेय गरम असेल किंवा बराच वेळ कपात राहिलं तर आणखी. म्हणूनच प्रयोगशाळेत कपात ४ टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास ठेवून तपासणी करतात. युरोपीय निर्देशात १९८४ साली अशा भांड्यांसाठी लिटरमागे शिसं ४ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.३ मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली होती. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, म्हणून मुलांच्या कपाबाबत शंकेचा फायदा कपाला देऊ नका.

खुणा अशा: धुऊन वाळवल्यावरही खडूसारखी पांढरट किंवा करडी भुकटी दिसते, चमक गेलेले खरखरीत पट्टे पडलेत, आतली किंवा काठाजवळची नक्षी पुसट होतेय. घरी वापरायच्या चाचणी-काड्या पृष्ठभागावर शिसं आहे का एवढंच सांगतात. पेयात किती उतरतं ते कळत नाही. असा कप उकळून किंवा घासून सुरक्षित होत नाही, घासल्याने उलट झिलई आणखी उघडी पडते. जुना, शोभेसाठी म्हणून विकलेला किंवा कुठला ते माहीत नसलेला कप असेल आणि यातलं काही दिसलं, तर त्यात पेन-पेन्सिली ठेवा. मात्र तो दुसऱ्या कुणाला पिण्यासाठी देऊ नका.