गिलाव्याला भेगा पडतात? वाळू निवडताना या चुका टाळा

गिलावा सुकल्यावर भिंतीवर जाळीसारख्या बारीक भेगा उमटल्या, की पुढच्या भिंतीला सिमेंट वाढवून दिले जाते. या उपायाने भेगा कमी न होता वाढतात. सुकताना आकसते ती सिमेंट आणि पाण्याची लेई. वाळूचा टणक कण आकसत नाही, उलट तो लेईला धरून ठेवतो. त्यामुळे सिमेंटला हात लावण्यापूर्वी वाळू तपासली पाहिजे.

थापीखाली मऊ चालते म्हणून अतिशय बारीक वाळू मागवणे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. कणाचा आकार निम्मा झाला की तेवढ्याच वजनाच्या वाळूचा पृष्ठभाग दुप्पट होतो, तो भिजवायला पाणी जास्त लागते, आणि हे जादा पाणी उडून गेल्यावर मागे आकुंचन व छिद्रे राहून ताकद घटते. सगळे कण एकाच मापाचे असले तरी पोकळ्या भरायला लेई जास्त खर्ची पडते. म्हणून बारीक, मध्यम आणि जाड कण मिसळलेली वाळूच घ्यावी.

नदीच्या वाळूतला गाळ पाहण्यासाठी काचेच्या उभ्या बरणीत वाळू आणि मिठाचे पाणी हलवून तीन तास ठेवावे. वर बसलेला थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जाड असेल, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. क्रश सँडला, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूला, मात्र हा निकष जसाच्या तसा लावू नये, कारण तिच्यातली पूड बहुधा दगडाची असते, मातीची नव्हे. आयएस ३८३ हे वाळू-खडीचे भारतीय मानक नैसर्गिक वाळूत वजनाने ३ टक्के, तर क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत पूड चालवून घेते. खडी मशीनची डस्ट क्रश सँड म्हणून घेणे ही वेगळीच चूक आहे: तिचे चपटे कण पाणी फार मागतात.

पावसाळ्यात घमेल्याने माप घेताना वाळूची फूग विसरली जाते. ओली वाळू २५ टक्के फुगलेली असेल, तर पाच घमेल्यांत प्रत्यक्षात चारच घमेली वाळू पडते. १:५ चा (एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू) माल नकळत १:४ चा होतो आणि आकुंचन वाढते.

भेगा पडून गेल्या असतील तर भिंत ठोकून पाहावी. पोकळ आवाज येणारा भाग काढून पुन्हा करावा; बाकीच्या भेगा गिलावा पूर्ण सुकल्यावरच भराव्यात, नाहीतर त्याच जागी त्या पुन्हा उघडतात.